हौशी विमानांच्या इंजिनाचा 'ताप'

घाट चढताना मोटारसायकलचे इंजिन तापले, तर चालक गाडी कडेला घेऊन झाडाच्या सावलीत घटकाभर थांबू शकतो. एकच इंजिन असलेल्या छोट्या विमानाच्या वैमानिकाला ही सोय नसते. धावपट्टी सोडून विमान दोन-तीनशे मीटर उंचीवर पोहोचलेले असते, खाली घरे आणि विजेच्या तारा असतात आणि नेमक्या त्याच वेळी इंजिन सर्वाधिक शक्तीने चालत असल्याने सर्वाधिक तापत असते. अशा वेळी इंजिनाच्या आत काय चालले आहे, हे सांगणारा एक साधा पण मोलाचा आकडा म्हणजे सिलिंडर हेडचे तापमान. कारखान्यात तयार झालेल्या विमानाच्या बाबतीत या तापमानाची चिंता उत्पादकाने आधीच वाहिलेली असते. घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने विमान बांधणाऱ्या हौशी माणसाला मात्र ती स्वतःच वाहावी लागते.

स्वतः विमान बांधण्याचा हा छंद अमेरिकेत सर्वाधिक फोफावला. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संघटना स्थापन केली. तिचा ऑशकॉश येथे दरवर्षी भरणारा मेळावा म्हणजे जगभरच्या हौशी विमानबांधकांची पंढरीच होय. विमानाच्या बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने स्वतः, शिक्षणासाठी वा छंदासाठी केलेले असावे, या अटीवर तेथे अशा विमानाला 'प्रायोगिक' वर्गात परवाना मिळतो. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७०च्या दशकात ओरेगॉन राज्यात सुरू केलेल्या कंपनीची 'आरव्ही' मालिकेतील विमाने तर आतापर्यंत अकरा हजारांहून अधिक लोकांनी बांधून उडविली आहेत. मराठी वाचकालाही हे जग अगदीच परके नाही. मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचे विमान २०१६ साली 'मेक इन इंडिया' सप्ताहात हजारो लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली.

या छंदाची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली हौशी विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या देशातील खासगी व सर्वसाधारण विमानांमध्ये हौशी विमानांचा वाटा जेमतेम दहा टक्के होता; पण २०११ मधील अपघातांत तो सुमारे पंधरा टक्के आणि प्राणघातक अपघातांत एकवीस टक्के होता. अपघातांच्या कारणांमध्ये विमानावरील नियंत्रण सुटणे आणि इंजिन वा त्याच्याशी संबंधित यंत्रणा बंद पडणे ही दोन कारणे ठळक होती. विमान बांधणाऱ्याने इंजिनाची निवड, इंधनाचे नळ, हवेचे मार्ग, मापकांची जोडणी हे सारे स्वतः ठरविलेले असते. त्यामुळे दोन 'सारखी' विमानेही आतून सारखी नसतात.

धातू आणि उष्णता

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात इंधनातील ऊर्जेचा फार तर एक तृतीयांश भाग पंखा फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता धुराबरोबर, तेलातून आणि सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर पडते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्या पुढे जाते. ॲल्युमिनियम मात्र ६६० अंशांच्या आसपास वितळते. तरीही हेड टिकते, कारण हे तापमान क्षणभरच असते, धातूलगत वायूचा तुलनेने थंड असा पातळ थर राहतो आणि बाहेरच्या फिनांवरून वाहणारी हवा सतत उष्णता ओढून नेत असते. या तिन्हींपैकी एकात जरी बिघाड झाला, तरी समतोल ढळतो.

वितळण्याच्या कितीतरी आधीच ॲल्युमिनियम दुबळे होऊ लागते. दोनशे अंश सेल्सियसच्या वर हेडच्या मिश्रधातूची ताकद झपाट्याने घटते. हेड सातत्याने जास्त तापले, तर धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हभोवती आणि स्पार्क प्लगच्या छिद्रालगत तडे जाण्याचा धोका वाढतो. व्हॉल्व्हचे मार्गदर्शक नळकांडे झिजते, त्यात तेलाची काजळी साचते आणि व्हॉल्व्ह अडकू लागतो. हे सारे एका उड्डाणात घडत नाही. शेकडो तासांच्या उड्डाणांत हळूहळू साचत गेलेले नुकसान एखाद्या दिवशी अचानक प्रकट होते.

छोट्या विमानांतील बहुसंख्य लायकॉमिंग आणि कॉन्टिनेन्टल इंजिने हवेने थंड होतात. लायकॉमिंगच्या प्रचलित इंजिनांसाठी हेडच्या तापमानाची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० अंश सेल्सियस आहे. कॉन्टिनेन्टलच्या अनेक इंजिनांसाठी ती ४६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३८ अंश सेल्सियस आहे. परंतु कमाल मर्यादा हे काही मुक्कामाचे ठिकाण नव्हे. सिलिंडर दीर्घकाळ टिकावेत म्हणून वेगवान प्रवासात २२४ अंश सेल्सियसच्या खाली आणि काटकसरीच्या प्रवासात २०४ अंशांच्या खाली राहावे, असे लायकॉमिंगचेच सांगणे आहे. अनुभवी वैमानिक तर २०४ अंशांचा आकडा हीच लक्ष्मणरेषा मानतात. मापकावरील तांबड्या रेषेपर्यंत वाट पाहत नाहीत.

मापन कसे होते

हेडचे तापमान मोजण्याचे साधन म्हणजे थर्मोकपल. दोन भिन्न धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि तो सांधा तापविला, की दुसऱ्या टोकांशी अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो, हे थॉमस झीबेक यांनी १८२१ साली दाखवून दिले. हेडसाठी बहुधा लोखंड आणि कॉन्स्टंटन या तारांची 'जे' प्रकारची जोडी वापरतात. धुराच्या नळीसारख्या अधिक तप्त जागी क्रोमेल आणि ॲल्युमेल यांची 'के' प्रकारची जोडी असते. 'जे' जोडीत दर अंश सेल्सियसमागे जेमतेम पन्नास मायक्रोव्होल्टच्या घरात दाब मिळतो. एवढ्या क्षीण संदेशावर सारा निर्णय अवलंबून असल्याने जोडणीतील लहानशी चूकही मोठा खोटेपणा करते.

पहिला प्रश्न मापन कोठे करायचे हा. लायकॉमिंग आणि कॉन्टिनेन्टलच्या हेडच्या खालच्या बाजूस आटे पाडलेले एक छोटे छिद्र असते. त्यात स्प्रिंगने दाबून बसणारी सळई बसवितात आणि इंजिन उत्पादकाने दिलेल्या मर्यादा याच जागेला लागू असतात. ज्या इंजिनांना असे छिद्र नसते, उदाहरणार्थ फोक्सवॅगन मोटारीच्या इंजिनापासून बनविलेली इंजिने, तेथे स्पार्क प्लगखालच्या वॉशरच्या जागी थर्मोकपल असलेली कडी बसवितात. वरच्या प्लगवर थंड हवेचा झोत येतो, खालचा प्लग तापलेल्या हवेत असतो. त्यामुळे एकाच सिलिंडरवर दोन ठिकाणचे आकडे चांगलेच वेगळे येतात. प्लगखालच्या कडीचा आकडा पाहायचा आणि छिद्रातील सळईसाठी दिलेली मर्यादा लावायची, हा घोटाळा हौशी मंडळींत वारंवार आढळतो. एकाने दुसऱ्याला 'माझे इंजिन तुझ्यापेक्षा थंड चालते' असे सांगण्यापूर्वी कडी कोठे बसविली आहे, हे विचारून घेणे इष्ट.

दुसरा प्रश्न तारांचा. थर्मोकपलपासून मापकापर्यंत त्याच धातूंच्या तारा न्याव्या लागतात. मध्येच तांब्याची तार जोडली, तर तेथे नवे सांधे तयार होतात आणि ते सांधे गरम इंजिनकक्षात असले, तर त्यांच्या तापमानाची भेसळ मूळ आकड्यात होते. अमेरिकी पद्धतीत थर्मोकपलची तांबडी तार ऋण असते. विजेच्या इतर कामात तांबडा रंग धन मानण्याची सवय असलेला माणूस येथे हमखास चुकतो. तारा उलट जोडल्या गेल्या, की इंजिन तापत असताना काटा खाली जातो.

तिसरी गोष्ट अधिक फसवी आहे. थर्मोकपल प्रत्यक्ष तापमान सांगत नाही. तापलेले टोक आणि मापकाकडील टोक यांतील फरक सांगतो. आधुनिक इलेक्ट्रॉनिक मापक स्वतःकडील तापमान वेगळे मोजून ही भरपाई करतात. जुन्या, स्वस्त काटेवाल्या मापकांपैकी काहींमध्ये ही सोय नसते. विमानाच्या खोलीत सुमारे २४ अंश सेल्सियस तापमान आहे असे गृहीत धरूनच त्यांची तबकडी आखलेली असते. मे महिन्याच्या दुपारी खोलीत ४० अंश असतील, तर असा मापक हेडचे तापमान सोळा अंशांनी कमी दाखवील. म्हणजे ज्या दिवशी सावध राहायचे, नेमक्या त्याच दिवशी तो दिलासा देतो.

मापक खरे बोलतो की नाही, हे तपासण्याची घरगुती रीत सोपी आहे. थर्मोकपल बर्फाच्या पाण्यात आणि मग उकळत्या पाण्यात धरून आकडे पाहायचे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. उंची दर तीनशे मीटरने वाढली, की उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने घटतो. मुंबईत शंभर दाखविणाऱ्या मापकाने पुण्यात अठ्ठ्याण्णव दाखविले, तर तो बिघडला असे समजण्याचे कारण नाही.

एक मापक की चार?

नवल वाटेल, पण अमेरिकी नियमांनुसार हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या सर्वसाधारण विमानाला दिवसाच्या साध्या उड्डाणासाठी तेलाचे तापमान दाखविणारा मापक सक्तीचा आहे, हेडचा नाही. कित्येक जुन्या प्रशिक्षण विमानांत तो नसतोच किंवा सर्वांत तप्त मानलेल्या एकाच सिलिंडरवर असतो. आता एका मापकाचा युक्तिवाद टिकणारा नाही. कोणता सिलिंडर सर्वाधिक तापेल, हे विमानाचा वेग, उंची आणि इंधनमिश्रण यांनुसार बदलते. हौशी विमानात तर ते आधीपासून कोणालाच ठाऊक नसते. तेलाचे तापमान संथ गतीने वाढते; एका सिलिंडरवरील संकट तेलाच्या मापकावर उमटेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. डायनॉन, गार्मिन, जेपी इन्स्ट्रुमेंट्स आदी कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक उपकरणे प्रत्येक सिलिंडरचे तापमान दाखवितात, मर्यादा ओलांडताच इशारा देतात आणि सारी नोंद साठवून ठेवतात. २०१२च्या अभ्यासात सुरक्षा मंडळानेही चाचणी-उड्डाणांत अशा नोंदींचा उपयोग करण्यावर भर दिला होता.

सिलिंडर थंड ठेवणारी हवा आपसूक मिळत नाही. इंजिनावरील आवरणाच्या, म्हणजे काउलिंगच्या, पुढील तोंडातून हवा आत येते आणि इंजिनाच्या वरच्या बाजूला तिचा दाब वाढतो. मग तिला फिनांमधून खाली ढकलून आवरणाच्या खालच्या वाटेने बाहेर काढायचे असते. ही हवा फिनांमधूनच जावी, आजूबाजूच्या फटींतून निसटू नये, यासाठी पत्र्याची 'बॅफल' आणि काउलिंगला टेकणारी रबराची पट्टी लावतात. ही पट्टी हवेच्या दाबाने उलटी दुमडली किंवा कोपऱ्यात बोटभर फट राहिली, तरी हवा सोपा मार्ग धरते आणि सिलिंडर उपाशी राहतात. अंधारात इंजिनाखाली दिवा धरून वरून पाहिले, की कोठे फटी आहेत ते उजेड स्वतःच सांगतो. त्या बंद करण्याचा खर्च नगण्य असतो आणि लाभ कोणत्याही महागड्या उपकरणाहून अधिक.

चार सिलिंडरांच्या लायकॉमिंग इंजिनाचे एक खास दुखणे आरव्ही बांधणाऱ्यांना चांगले परिचित आहे. मागील उजव्या बाजूच्या तिसऱ्या सिलिंडरच्या मागच्या अंगाला फिन अगदी आखूड आहेत. सपाट बॅफल त्यांना चिकटून बसविला, की हवेला जागाच उरत नाही आणि हा सिलिंडर इतरांपेक्षा तापतो. पुढील डाव्या, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरच्या पुढच्या अंगाची गोष्टही तशीच. बॅफल आणि हेड यांच्यामध्ये एखादा वॉशर घालून थोडे अंतर ठेवले किंवा तेथे पत्र्याची फुगीर वाट करून दिली, की तापमान लक्षणीय उतरते. हवेच्या प्रवाहात काय आड येते, याचा परिणाम किती होतो याचे मोटारींतील जुने उदाहरण फोक्सवॅगन बीटलचे. त्या गाडीत तेल थंड करणारा रेडिएटर तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत होता आणि तोच सिलिंडर नेहमी अधिक तापत असे.

मापकावरील आकडा एकट्याने फारसे सांगत नाही. धुराच्या तापमानाशी ताडून पाहिला, की निदान होते. धुराचे तापमान चटकन बदलते, पण त्याचा नेमका आकडा गौण. हेडचे तापमान सावकाश बदलते, पण त्याचा आकडा महत्त्वाचा. एका सिलिंडरचे हेड तापले आणि धुरात फरक नाही, तर संशय बॅफलवर. चारही हेड तापले आणि धूर थंड झाला, तर ठिणगी वेळेआधी पडत असावी. एका सिलिंडरचा धूर तापला आणि हेड थोडे उतरले, तर त्याच्या दोनपैकी एक प्लग बंद पडला असण्याची शक्यता. आणि एखाद्या हेडचा आकडा क्षणात तीस-चाळीस अंशांनी उडाला, तर इंजिनाऐवजी तार तपासावी. कारण किलोगणती धातू इतक्या वेगाने तापू वा निवू शकत नाही. रेडिओवर बोलण्याची कळ दाबताच आकडा हलत असेल, तरीही दोष तारांचाच.

पहिल्या उड्डाणाचा पेच

या साऱ्याची खरी परीक्षा पहिल्या उड्डाणात होते आणि तेथे हौशी विमानबांधकाला एक विचित्र पेच पडतो. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून नीट बसाव्या लागतात. त्यासाठी इंजिन पंचाहत्तर टक्के किंवा त्याहून अधिक शक्तीवर चालवावे लागते. हळुवार चालविले, तर भिंतीवर तेलाचा चकचकीत थर जमतो, रिंगा कधीच बसत नाहीत आणि इंजिन कायम तेल पीत राहते. पण घर्षण अधिक असल्याने नवे इंजिन आधीच जास्त तापते. त्यातच काउलिंग व बॅफलची परीक्षाही याच उड्डाणात व्हायची असते. म्हणजे ज्या दिवशी हवेच्या वाटेबद्दल सर्वांत कमी माहिती असते, त्याच दिवशी इंजिनाला सर्वाधिक हवा लागते. जमिनीवर दीर्घकाळ इंजिन चालवून खातरजमा करावी, तर तेथे पुरेसा वारा नसल्याने सिलिंडर भाजून निघतात. म्हणूनच जमिनीवरच्या चाचण्या थोडक्या, वाऱ्याकडे तोंड करून आणि शक्यतो सकाळच्या गारव्यात घेण्याचा परिपाठ आहे. रिंगा बसल्या, की हेडचे तापमान आपोआप उतरते. तीच त्याची खूण.

अमेरिकेत नव्या हौशी विमानाला पहिले साधारण २५ ते ४० तास वस्तीपासून दूर, ठरवून दिलेल्या क्षेत्रात उडवावे लागते. पूर्वी या काळात वैमानिकाने एकट्यानेच उडायचे असा दंडक होता. विमान सांभाळायचे, रेडिओवर बोलायचे आणि चार-चार तापमाने वाचायची, असे तिहेरी ओझे त्याच्यावर पडे. २०१४ पासून ठरावीक अटींवर दुसऱ्या पात्र वैमानिकाला सोबत घेण्याची मुभा देण्यात आली. मापकांवर डोळा ठेवणारी व्यक्ती शेजारी असणे, हा या सवलतीचा मोठा लाभ होय.

चढाईत हेड तापू लागले, तर पहिला उपाय नाक खाली घेऊन वेग वाढविणे हा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सत्तर नॉटऐवजी नव्वद नॉटने चढले, तर थंड करणारा दाब सुमारे पासष्ट टक्क्यांनी वाढतो. दुसरा उपाय मिश्रण घट्ट करणे, म्हणजे इंधनाचे प्रमाण वाढविणे. जादा इंधन ज्वलनाचा जोर मंदावते. तिसरा, पुरेशी उंची असेल तर शक्ती कमी करणे. बाहेरची हवा जितक्या अंशांनी अधिक उष्ण, जवळपास तितक्याच अंशांनी हेडही अधिक तापते. जानेवारीत निर्धास्त वाटणारे विमान म्हणूनच मे महिन्यात मर्यादेला टेकू शकते.

हेडचे तापमान वेगाने चढत आहे आणि धुराचे उतरत आहे, अशी जोडी दिसली, तर मात्र विचार करीत बसायचे नसते. ते अनियंत्रित स्फोटक ज्वलनाचे किंवा ठिणगीपूर्व ज्वलनाचे लक्षण असते. ठिणगीपूर्व ज्वलन पिस्टनला मिनिटभरात भोक पाडू शकते. तत्काळ शक्ती कमी करून मिश्रण घट्ट करणे आणि जवळची धावपट्टी गाठणे, एवढेच हाती उरते.

अति थंड इंजिनही चांगले नसते. विमानाच्या शिसेयुक्त पेट्रोलमधील शिसे धुराबरोबर बाहेर पडण्यासाठी पुरेशी उष्णता लागते. हेड थंड राहिले, तर ते प्लगवर साचते. दीर्घ उताराच्या वेळी शक्ती एकदम कमी केल्याने हेड झपाट्याने निवून तडे जातात काय, यावर मात्र जाणकारांत जुना वाद आहे. लायकॉमिंग मिनिटाला ५० अंश फॅरनहाइटहून अधिक घसरण टाळावी असे सांगते. काही अभ्यासकांच्या मते भीती अतिरंजित असून खरे नुकसान अति उष्णतेने आधीच झालेले असते. शक्ती टप्प्याटप्प्याने कमी करण्यात काही बिघडत नसल्याने बहुतेक वैमानिक वादात न पडता तसेच करतात.

ऑस्ट्रेलियातील जॅबिरू इंजिनांचे प्रकरण या संदर्भात उल्लेखनीय आहे. ही हलकी, हवेने थंड होणारी इंजिने तेथील क्रीडा विमानांत मोठ्या संख्येने आहेत. ती बंद पडण्याच्या घटना वाढल्याने तेथील नागरी उड्डाण सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१४ मध्ये या इंजिनांच्या विमानांवर दाट वस्तीवरून न उडण्यासह अनेक निर्बंध घातले. २०१६ मध्ये ते शिथिल झाले. त्याच वर्षी तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालात, २००९ ते २०१४ या काळात जॅबिरू इंजिने बंद पडण्याचे प्रमाण इतर प्रमुख बनावटींच्या दुपटीहून अधिक असल्याचे नमूद झाले. तुटलेले बोल्ट, व्हॉल्व्हचे बिघाड अशी कारणे त्यात होती. सगळ्यांचे खापर उष्णतेवर फोडता येणार नाही. वापरकर्त्यांनी मात्र त्यानंतर प्रत्येक सिलिंडरवर थर्मोकपल बसविण्याकडे अधिक गांभीर्याने पाहावे, हे ओघाने आलेच.

ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स ९१२ मालिकेची तऱ्हा वेगळी आहे. यात सिलिंडर हवेने, तर हेड पाण्याने थंड होतात. म्हणून मर्यादाही बऱ्याच खालच्या आहेत. शंभर अश्वशक्तीच्या ९१२ यूएलएससाठी हेडची मर्यादा १३५ अंश सेल्सियस होती, तर ८० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी १५०. कंपनीने २०१३ च्या सुमारास हेडची रचना बदलली आणि नव्या हेडवर धातूऐवजी शीतक द्रवाचे तापमान मोजण्याची पद्धत आणली. त्याची मर्यादा १२० अंश ठेवण्यात आली. जुने इंजिन विकत घेऊन नव्या मापकाशी जोडणाऱ्याने, किंवा जुन्या इंजिनावर बदली म्हणून नवे हेड बसविणाऱ्याने, आपल्याकडे कोणते हेड आहे हे आधी पाहून मगच पडद्यावरील तांबडी रेषा आखावयाची असते.